भंगारातून उडालेली विमानं

शुक्रवारी रात्री रिलीज एकदाचं पार पडलं आणि शनिवार अख्खा मोकळा मिळाला. अशा शनिवारी माणसाने झोपावं, किंवा बायकोने तीन महिन्यांपासून सांगितलेला नळ तरी दुरुस्त करावा. मी विमानांचे व्हिडिओ बघत बसलो. त्यात एक सापडला: इंग्लंडमधलं सायवेल नावाचं छोटंसं विमानतळ, ऑक्टोबर २०२३, आणि धावपट्टीवरून उचललं जाणारं एक जाडजूड नाकाचं, एकाच पंख्याचं लढाऊ विमान. हॉकर टेम्पेस्ट, मार्क २. कित्येक दशकांत जगात एकही टेम्पेस्ट उडालेलं नव्हतं. हे पहिलंच.

आवाज ऐकून अंगावर काटा आला, पण खरी गंमत पुढे आहे. या विमानाचा मूळ ब्रिटिश नंबर एमडब्ल्यू ७६३. त्यानंतर त्याला आणखी एक नंबर मिळाला होता, एचए ५८६. हा एचएवाला नंबर आपला, भारतीय हवाईदलाचा. म्हणजे इंग्लंडमधले लोक टाळ्या वाजवत होते ते विमान आयुष्याची महत्त्वाची वर्षं आपल्याकडे काढून, मग आपल्याच आवारात गंजून, भंगार म्हणून परत गेलेलं होतं.

त्या शनिवारचं पुढे काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेलच. नळ अजून गळतोय.

तर आधी हे टेम्पेस्ट काय प्रकरण होतं ते. सिडनी कॅम या हॉकर कंपनीच्या डिझायनरचं हे बाळ. मार्क २ चं पहिलं नमुना-विमान जून १९४३ मध्ये उडालं. चार तोफा, आणि पुढे ब्रिस्टल सेंटॉरस नावाचं १८ सिलिंडरचं, जवळपास ५४ लिटरचं, अडीच हजारांहून जास्त अश्वशक्तीचं इंजिन. आपल्या बुलेटचं इंजिन साडेतीनशे सीसीचं, म्हणजे हिशेब केला तर दीडशे बुलेट एकाच नाकात कोंबल्या. मी मूळचा एरंडोलचा. आमचं गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, अशी आमच्याकडची समजूत, त्यामुळे बकासुर आम्हाला घरातलाच. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि वर गाडीवान. सेंटॉरसची पेट्रोलची भूक वाचली तेव्हा पहिली आठवण त्याचीच झाली.

हे इंजिन पाण्याने नाही तर हवेने थंड व्हायचं. रेडिएटर नाही, त्यामुळे त्यात गोळी लागून पाणी वाहून जायची भीती नाही. उष्ण प्रदेशासाठी आणि अतिपूर्वेतल्या जपानविरुद्धच्या लढाईसाठी हे विमान सोयीचं ठरणार होतं. पण ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली आणि टेम्पेस्ट मार्क २ महायुद्धात एकही गोळी न झाडता ‘युद्धकालीन’ ठरलं. प्रोजेक्ट पूर्ण झाला आणि क्लायंटने दुकानच बंद केलं, अशी गत. मग यातली बरीच विमानं भारतात असलेल्या ब्रिटिश स्क्वाड्रनांकडे आली आणि फाळणीच्या सुमारास त्यातली अनेक आपल्या वाट्याला आली.

आणि मग लगेच कामाला लागली. २७ ऑक्टोबर १९४७ ला डाकोटा विमानं श्रीनगरला उतरली, त्यानंतर काही दिवसांतच काश्मीरच्या आकाशात स्पिटफायर, हार्वर्ड आणि टेम्पेस्ट होती. ७ नोव्हेंबरच्या शालटेंगच्या लढाईत जमिनीवरच्या सैन्याला वरून आधार दिला तो यांनीच. त्या मोहिमेतलं एक नाव मराठी वाचकाला माहीत असायला हवं: हृषीकेश मुळगावकर. मुंबईत १९२० साली जन्मलेला हा माणूस काश्मीरमध्ये विंग कमांडर म्हणून लढला, महावीर चक्र मिळवलं, आणि पुढे १९७६ ते १९७८ हवाईदलप्रमुख झाला. २०१५ साली पुण्यात गेले. मी तेव्हा पुण्यातच नोकरी करत होतो. पेपरात बातमी वाचली आणि पान उलटलं, कारण तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. काही चुका दुरुस्त करता येत नाहीत, ही त्यातली एक.

टेम्पेस्टचं आयुष्य मात्र छोटं होतं. १९४८ च्या शेवटी आपल्याकडे पहिली व्हॅम्पायर आली, म्हणजे जेट आली, आणि पंख्याची विमानं एका रात्रीत म्हातारी झाली. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला टेम्पेस्ट निवृत्त झाली. मग त्यांचं काय करायचं? काही तोडली. काही प्रशिक्षणसंस्थांना दिली, पोरांनी पाने चालवून शिकावं म्हणून. काही विमानतळाच्या कडेला नुसती उभी केली, शत्रूच्या वैमानिकाने वरून बघितलं तर फसावा म्हणून. काश्मीरमध्ये लढलेलं विमान शेवटी बुजगावणं झालं. तिथे पावसाळ्यामागून पावसाळे काढले त्यांनी.

सत्तरीच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडहून काही हौशी मंडळी आली. त्यात ऑर्मंड हेडन-बेली आणि त्याचा भाऊ वेन्स्ली होते. त्यांनी स्पिटफायर उचलली. ऑर्मंड स्वतः वैमानिक, पण ही विमानं मायदेशी पोचायच्या आत १९७७ साली जर्मनीत मस्टँग विमानाच्या अपघातात गेला. आणि टेम्पेस्ट उचलली ती डग अर्नोल्ड नावाच्या गृहस्थाच्या ‘वॉरबर्ड्स ऑफ ग्रेट ब्रिटन’ या संस्थेने. बंगळूरच्या जालहळ्ळीला प्रशिक्षणासाठी ठेवलेलं स्पिटफायर एमव्ही २९३ आणि डेहराडूनच्या मिलिटरी अकादमीत शोभेला उभं असलेलं एसएम ८३२, ही दोन्ही १९७८ च्या आसपास इंग्लंडला गेली आणि दोन्ही पुढे पुन्हा उडाली.

इथे चटकन राग येतो. “आपला वारसा गोऱ्यांनी नेला” वगैरे. मलाही आला. मग मी कायदा काढून बघितला. आपला पुरावस्तू कायदा १९७२ चा. त्यानुसार पुरावस्तू म्हणजे निदान १०० वर्षं जुनी वस्तू. हस्तलिखितांना ७५ वर्षांची सवलत. १९४५ चं विमान १९७८ साली ३३ वर्षांचं. कायद्याच्या भाषेत ते भंगारच, आणि भंगार विकणं हे कुठल्याही स्टोअर्स विभागाचं कामच आहे. कुणी चोरी केली नाही. रीतसर विक्री झाली, पैसे आले, कागदावर सह्या झाल्या. या गोष्टीत खलनायक सापडत नाही, म्हणून ती जास्त टोचते.

मला टोचण्याचं आणखी एक कारण आहे. ते घरचं आहे.

आमच्या आजोबांच्या, म्हणजे आप्पांच्या मळ्यात विहिरीवर एक ऑईल इंजिन होतं. मोठं फ्लायव्हील, हँडल मारून चालू करायचं, धुराड्याच्या तोंडावर उपडा डबा. सकाळी ते सुरू झालं की त्याच्या टुक-टुकवर घड्याळ लावता यायचं. आप्पा त्याचं सगळं स्वतः करायचे. पिस्टन बदलला, रिंगा बदलल्या, लायनर तर दोनदा. नोझल किती वेळा साफ केलं त्याला गणतीच नाही. एकदा थंडीत बॉडीलाच तडा गेला, तेव्हा त्यांनी जळगावहून तशाच दुसऱ्या इंजिनाची जुनी बॉडी आणली, आणि पहिल्या बॉडीवरची नंबराची पितळी पट्टी छिन्नीने अलगद उचकटून नव्या बॉडीवर ठोकली. मी शेजारी बसून खिळे देत होतो. विचारलं, “आप्पा, मग आता हे नवं इंजिन झालं ना?” तर म्हणाले, “नवं कसं? इंजिन तेच शे.” अहिराणीतलं हे ‘शे’ मराठीतल्या ‘आहे’पेक्षा ठाम असतं असं माझं प्रामाणिक मत आहे.

ते इंजिन आप्पा गेल्यावर आम्ही विकलं. वीज आली होती, मोटर बसली होती, इंजिन कोपऱ्यात पडून होतं. हायवेवरचा भंगारवाला टेम्पो घेऊन आला आणि काट्यावर वजन करून किलोच्या भावाने घेऊन गेला. काटा धरायला मीच होतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि त्या पैशात कॅल्क्युलेटर आला. त्यामुळे हवाईदलाच्या स्टोअर्समधल्या त्या अनाम बाबूवर चिडायचा हक्क मला तरी नाही.

असो. तर विमानं परत कशी उभी करतात?

आधी मला वाटायचं, गंज घासायचा, रंग मारायचा, इंजिनात तेल घालायचं आणि सेल्फ मारायचा. प्रत्यक्षात जे मिळतं ते विमान नसतंच. तो पुरावा असतो. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूला लोखंडासारखा तांबडा गंज येत नाही. तो आतल्या आत, कणाकणांच्या सांध्यातून पोखरला जातो. वरून पत्रा चकचकीत आणि वाकवला की पापडासारखा तुटतो. नंतरच्या काळातल्या स्पिटफायरमध्ये काही ठिकाणी मॅग्नेशियमचे रिव्हेट वापरलेत, ते तर पाऊसपाण्यात भुकटी होऊन जातात. म्हणजे ज्या हजारो टाचण्यांवर विमान उभं, त्याच गायब. त्यामुळे जुना पत्रा बहुतेक वेळा उडण्यासाठी वापरत नाहीत, साचा म्हणून वापरतात. त्यावरून नवा पत्रा कापायचा, जुन्या भोकांच्या जागी भोकं पाडायची.

टेम्पेस्टचं पुढचं अंग पोलादी नळ्यांचं आणि मागचं पत्र्याच्या कवचाचं, असं मिश्र बांधकाम. नळ्यांचा सांगाडा काटेकोर बसवायला आधी जिग लागतं, म्हणजे विमानाला जागच्या जागी घट्ट धरून ठेवणारी लोखंडी चौकट. मूळ कारखान्यातली जिगं केव्हाच वितळवून टाकलेली. म्हणजे विमान बांधायचं तर आधी कारखाना बांधा. (आमच्याकडे दहा वर्षं जुना कोड चालवायला घेतला की तो ज्या कंपायलरवर चालायचा तोच मिळत नाही. तसंच, फक्त इथे कंपायलर वीस फुटी आणि लोखंडी.)

रिव्हेटची एक गोष्ट मला फार आवडली. काही मिश्रधातूंचे रिव्हेट भट्टीत तापवून थंड केले की काही वेळ मऊ राहतात आणि मग आपोआप कडक होतात. कडक झाला की ठोकता येत नाही, ठोकला तर चिरतो. म्हणून ते फ्रीजरमध्ये ठेवतात, थंडीत कडक होण्याचा वेग मंदावतो. कारागीर लागतील तेवढेच बाहेर काढतो आणि वेळेत ठोकतो. एका लढाऊ विमानात असे हजारो. कुल्फीवाल्याचा धंदा आणि विमानबांधणी यात इतकं साम्य असेल असं वाटलं नव्हतं.

आणि इंजिन. सेंटॉरसमध्ये आपल्या गाडीतल्यासारखे वरखाली होणारे व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये एक पातळ नळी असते, स्लीव्ह. ती वरखाली होते आणि थोडी फिरतेही, आणि तिच्यावरची भोकं सिलिंडरच्या भोकांसमोर आली की हवा आत किंवा धूर बाहेर. कल्पना सुंदर, पण १८ सिलिंडरांच्या १८ नळ्या, प्रत्येकीला फिरवणारे दातेरी गिअर, आणि सगळ्यात तेलाचा पातळ थर टिकला पाहिजे. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इंजिनात नेमक्या या नळ्याच धरतात. सुदैवाने हेच इंजिन पुढे हॉकरच्या फ्युरी आणि सी फ्युरी विमानांत होतं. ती इराकनेही घेतली होती आणि १९७९ च्या सुमारास एड ज्युरिस्ट आणि डेव्हिड टॅलिचेट या अमेरिकनांनी तिथला साठा विकत घेऊन अमेरिकेत आणला. त्यामुळे सेंटॉरस चालतं ठेवणारे कारागीर आणि सुटे भाग जगात शिल्लक राहिले. एखादी लायब्ररी दुसऱ्याच कुणाच्या प्रोजेक्टमुळे जिवंत राहते, तसं. चालू करण्याची पद्धतही आप्पांच्या हँडलइतकीच उग्र: बंदुकीसारखं काडतूस फोडायचं आणि त्याच्या वायूच्या दाबाने क्रँक फिरवायचा.

आता एक उलटी गोष्ट सांगतो, कारण “आपल्याला जपता येत नाही” हे अर्धसत्य आहे.

युद्ध संपलं तेव्हा ब्रिटिश हवाईदलाकडे अमेरिकन लिबरेटर बॉम्बर होते. चार इंजिनं, पंखांचा पसारा ११० फूट. हे अमेरिकेने उधारीच्या करारावर दिलेले होते. अटी अशा, की युद्ध संपलं की परत करा, पैसे द्या नाहीतर नष्ट करा. ब्रिटिशांनी कानपूरच्या चकेरी विमानतळावर ते ओळीने उभे केले आणि कुणी पुन्हा वापरू नये म्हणून मोडले: उपकरणं फोडली, इंजिनांत वाळू घातली, काहींची नाकं आपटली. मग निघून गेले.

१९४८ साली आपल्याला बॉम्बर हवे होते आणि विकत घ्यायला पैसे नव्हते. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टला विचारलं, यातून काही निघेल का? हा कारखाना १९४० साली म्हैसूर संस्थानच्या मदतीने काढला तो वालचंद हिराचंद यांनी. सोलापूरचे, आमच्या बाजूला मालेगावजवळ रावळगावचा साखर कारखाना काढणारे तेच. ज्यांच्या गोळ्या आपण शाळेबाहेर खाल्ल्या, ते. तर युद्धकाळात अमेरिकन सैन्याने हा कारखाना विमानदुरुस्तीसाठी वापरला होता, त्यामुळे तिथल्या लोकांचे हात लिबरेटरला सरावलेले होते. कारागिरांची तुकडी कानपूरला गेली. एकाचं इंजिन, दुसऱ्याची शेपटी, तिसऱ्याची चाकं असं करत एकेक विमान बंगळूरपर्यंत जेमतेम उडेल इतपत उभं केलं, आणि जमशेद कैकोबाद मुनशी या कंपनीच्या वैमानिकाने ती एकामागून एक उडवत नेली. कानपूर ते बंगळूर! त्यात काय काय चालत नव्हतं याची यादी उड्डाणाआधी वाचली असती तर कुणी चढलं नसतं.

अशी सुमारे ४० लिबरेटर उभी राहिली. नोव्हेंबर १९४८ मध्ये पाच नंबरची स्क्वाड्रन त्यांच्यावर सुरू झाली, आणि १९५१ साली सहा नंबरची स्क्वाड्रन पुण्यात, लोहगावला, समुद्रावर नजर ठेवण्यासाठी. मी त्या विमानतळाजवळ विमाननगरला सहा वर्षं राहिलो. सुखोईच्या आवाजाने कॉन्फरन्स कॉल म्यूट करावा लागायचा आणि मी वैतागायचो. त्याच धावपट्टीवरून कधीकाळी कानपूरच्या भंगारातून उठलेले बॉम्बर अरबी समुद्राकडे निघायचे, हे माहीत असतं तर निदान वैतागलो नसतो.

ही विमानं चालली किती? १९६८ च्या अखेरीपर्यंत. अमेरिकेत १८ हजारांहून जास्त लिबरेटर बनले होते आणि युद्ध संपल्यावर तिथे ते झटपट वितळवले. परिणाम असा, की १९६८ साली जगाला लिबरेटर हवा असेल तर भारताकडे यावं लागत होतं. एक १९६९ साली उडत उडत अॅरिझोनातल्या पिमा संग्रहालयात गेला. एक १९७४ साली भारताने ब्रिटनच्या हवाईदल संग्रहालयाला भेट दिला. एक कॅनडात आहे. एक डग अर्नोल्डमार्फत (हो, तेच टेम्पेस्टवाले) कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेला, फ्लोरिडात टॉम रायली यांच्या वर्कशॉपमध्ये नवा झाला आणि १९८९ साली उडाला. म्हणजे ज्यांनी बनवली त्यांनी वितळवली, ज्यांनी वापरली त्यांनी मोडून टाकली, आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांच्यामुळे ती उरली. जपायची म्हणून आपण जपली नाहीत, वापरायची होती म्हणून जपली. वापर संपला की आपला रस संपला. आप्पांच्या इंजिनाचं आम्ही तेच केलं.

बरं, आता तो पितळी पट्टीचा प्रश्न. ९० टक्के पत्रा नवा, रिव्हेट नवे, इंजिन तीन इंजिनांतून जमवलेलं. मग हे १९४५ चं विमान कसं? कुऱ्हाडीचं पातं दोनदा बदललं, दांडा तीनदा, आणि म्हणे कुऱ्हाड आजोबांची. या क्षेत्रात उत्तर बरंचसं आप्पांसारखंच आहे: ओळखीची पट्टी आणि मूळ सांगाड्याचा निदान काही भाग, आणि मधल्या मालकीची अखंड साखळी. टोकाचं उदाहरण म्हणजे स्पिटफायर पी ९३७४. २४ मे १९४० ला ते फ्रान्समध्ये कॅलेच्या किनाऱ्यावर वाळूत उतरलं. वाळूने गिळलं. १९८० साली वाळू सरकली आणि सांगाडा वर आला. २०११ साली ते विमान डक्सफर्डला उडालं आणि २०१५ साली लिलावात ३१ लाख पौंडांना विकलं गेलं, पैसे धर्मादाय कामाला. चाळीस वर्षं समुद्राच्या पाण्यात राहिलेल्या अॅल्युमिनियमचा किती भाग पुन्हा उडाला असेल, तुम्हीच ठरवा.

माझं मत? पूर्वी मी हसलो असतो. आता वाटतं, पत्रा जुना आहे की नवा यापेक्षा तो मूळ पद्धतीने बसवलाय का, हे महत्त्वाचं. एमडब्ल्यू ७६३ मुळे आज जगात काही माणसं अशी आहेत ज्यांना टेम्पेस्ट बांधता येतं. ते ज्ञान तर पुरतं मेलं होतं. काचेमागे ठेवलेल्या अस्सल विमानातून ते परत आलं नसतं. आणि तरीही काचेमागचं विमान लागतंच, कारण शंका आली की मोजायला जायचं ते त्याच्याकडे.

पैसा आणि पुराणकथा एकत्र आल्या की काय होतं, त्याचीही एक गोष्ट शेजारीच घडली. युद्ध संपताना ब्रिटिशांनी खोक्यांत बंद नवीकोरी स्पिटफायर ब्रह्मदेशात पुरून ठेवली, अशी आख्यायिका. डेव्हिड कंडॉल नावाच्या इंग्लिश शेतकऱ्याने १९९० च्या दशकापासून तिचा पाठपुरावा केला. जानेवारी २०१३ मध्ये रंगून विमानतळावर खणलं. एका व्हिडिओ गेम कंपनीने पैसे दिले होते. निघालं काय? काही नाही. खानदेशात गुप्तधनाच्या नादी लागून वाड्याच्या भिंती पोखरणारे लोक मी बघितलेत, त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही. मजा ही, की कंडॉल जमिनीखाली शोधत होते तेव्हा स्पिटफायर भारतात जमिनीवर, दारात, पोरांना शिकवायला उभी राहून गेलेली होती.

उडवण्याची किंमतही असते. २५ मे २०२४ ला इंग्लंडमध्ये कॉनिंग्जबीजवळ स्पिटफायर एमके ३५६ कोसळलं आणि ते चालवणारे स्क्वाड्रन लीडर मार्क लाँग गेले. ८० वर्षांचं यंत्र आकाशात नेणं म्हणजे नुसती हौस नाही, माणूस पणाला लागतो. तेव्हापासून मी “सगळी उडवली पाहिजेत” असं म्हणणं बंद केलंय. “एकही उडवू नये” असंही म्हणवत नाही.

आपल्याकडे काय? अगदी काहीच नाही असं नाही. पालमच्या हवाईदल संग्रहालयात एक टेम्पेस्ट आहे, एचए ६२३. स्पिटफायर, हरिकेन आणि लिबरेटरही आहेत. टायगर मॉथ ब्रिटनमध्ये दुरुस्त करून आणलं आणि २०१२ साली हवाईदलाच्या ८० व्या वर्धापनदिनाला हिंडनला उडवलं. आणि २०१८ साली डाकोटा आलं. राजीव चंद्रशेखर यांनी ते आयर्लंडमध्ये भंगारातून विकत घेतलं, इंग्लंडमध्ये कॉव्हेन्ट्रीला उभं करून घेतलं आणि हवाईदलाला भेट दिलं. त्यांचे वडील डाकोटाचे वैमानिक होते. नाव परशुराम, नंबर व्हीपी ९०५. कॉव्हेन्ट्रीहून १७ एप्रिलला निघालं, टप्पे घेत भारतात आलं आणि ४ मे २०१८ ला हिंडनला रीतसर हवाईदलात दाखल झालं. चांगलीच गोष्ट. पण दोन्ही वेळा काम तिकडे झालं. कानपूरच्या चिखलातून ४० बॉम्बर उठवणाऱ्या देशाला एक टायगर मॉथ बाहेर पाठवावं लागावं, हे मला आवडलेलं नाही. ओझरला सुखोईची आतडी बाहेर काढून परत बसवतात आपले लोक. फ्रीजरमधले रिव्हेट ठोकणं त्यांना जमणार नाही?

दिवाळीत एरंडोलला गेलो तेव्हा काकांना फोनवर तो सायवेलचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत बघितला, आवाज वाढवायला सांगितला, परत बघितला. मग म्हणाले, “आप्पांच्या इंजिनाची पट्टी आहे माझ्याकडे. तू काटा धरला होता तेव्हा मी काढून घेतली होती.” मळ्यातल्या खोलीत, खिळ्यांच्या डब्यात आहे म्हणाले. दोघांनी मिळून तीन डबे उपसले, पण त्या दिवशी काही सापडली नाही. काका म्हणतात, शे. पुढच्या खेपेला माळा काढायचा आहे.